मदत हवी आहे: परत आलेली ९३ टोपडी, आणि काकूंना सांगायचं कसं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. विणकामाचे जुने धागे चाळले, पण स्वेटरचे गळे आणि ताटावरच्या रुमालांच्या लेसच सापडल्या, म्हणून नवीन काढतेय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकच्या एका सोसायटीतल्या नऊ जणी. भिशी आहेच. गेल्या पावसाळ्यात ठरलं की तोंडाबरोबर हातही चालू देत, सरकारी रुग्णालयात जन्मणाऱ्या बाळांसाठी टोपडी विणू या. बाळंतविडा विणायला कुणाला शिकवावं लागलं नाही, सगळ्या सूनबाया-नातवंडांचे करून बसलेल्या. चार महिन्यांत १४० टोपडी झाली. दसऱ्याआधी मी नेऊन दिली. सिस्टरनी हसून ठेवून घेतली.

दिवाळीनंतर चौकशीला गेले तर त्यांनी कपाटातून पिशवीच काढून हातात दिली. ४७ ठेवली, ९३ परत. "ताई, मनापासून केलंय ते दिसतंय, पण ही वापरता येत नाहीत." मागे फोन वाजत होता, एक बाई बाळाला घेऊन दारात उभी होती. पुढे विचारायला जीभ रेटली नाही.

घरी येऊन पिशवी उलटी केली. बरीचशी मोठी असणार हे माझ्याही लक्षात आलं. काहींना मोती, काहींना गोंडे, कुंचीला असतात तशा नाड्या. आठ टोपडी चक्क काळी (एकीला काळी लोकर स्वस्तात मिळाली होती!). आणि ३४ टोपडी आमच्या काकूंची. काकू ७८ वर्षांच्या, क्रोशाची लेस अशी की बघत राहावं. प्रत्येक टोपड्यावर वेगळं फूल.

मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. पिशवीत डांबरगोळ्या टाकून माळ्यावर ठेवून दिली आहे. काकू रोज विचारतात, "बाळांना बसली का गं?" मी "हो" म्हणते.

नवजात बाळाचं, विशेषतः दिवस भरायच्या आधी झालेल्या बाळाचं टोपडं किती मापाचं असावं? लोकर कुठली? परत आलेल्यांचं काय करू? आणि काकूंना काय सांगू? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे.

मोगरा७२

अगं, सांगून टाक ना सरळ! ७८ वर्षांच्या बाईला काय काय पचवायची सवय असते तुला माहीत नाही.

टाका_चुकला

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. इथल्या विणकाम मंडळात वस्तू करायच्या आधी रुग्णालयाकडून माप, लोकरीचा प्रकार, अगदी शिवण आत हवी की बाहेर हेसुद्धा लिहून आणतात. पहिल्यांदा मला ते कोरडं वाटलं होतं. नंतर मंडळाच्या कपाटात कुणालाच नको असलेल्या ब्लँकेटांची चळत पाहिली.

ऑक्टोपसचा विचार केला का? डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालं. क्रोशाचा छोटा ऑक्टोपस बाळाजवळ ठेवतात. त्याचे पाय बाळाला नाळेसारखे वाटतात आणि ते नळ्या ओढायच्या ऐवजी पाय धरून ठेवतं, अशी कल्पना आहे.

रात्रपाळी

गोदाकाठ ताई, आधी एक काम करा. उठा आणि ती पिशवी माळ्यावरून काढा. डांबरगोळ्या फेकून द्या.

मी नवजात अतिदक्षता कक्षात १६ वर्षं परिचारिका आहे. डांबरगोळीत नॅफ्थॅलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं. जन्मतः कळत नाही, मुलग्यांत जास्त. अशा बाळाला त्या वासातले कपडे घातले तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ झपाट्याने वाढते, इतकी की रक्त बदलायची वेळ येऊ शकते. घरोघरी ट्रंकेतलं जुनं दुपटं मायेने काढून बाळाला गुंडाळतात, तिथेही हाच धोका. कापराच्या वड्याही नकोत. पिशवीतलं एकही टोपडं आता नवजात बाळाला देऊ नका. मोठ्या मुलांना द्यायचं असेल तर धुवा, कडक उन्हात रोज वाळवा, नाक लावून वास पूर्ण गेल्याची खात्री करा, मगच. पुढच्या वेळी विणलेलं धुऊन, कोरडं करून, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बंद. अत्तर नाही, सुगंधी साबण नाही.

आता टोपडी परत का येतात ते. तुमच्या सिस्टरना सांगायला वेळ नव्हता, म्हणून मी सांगते.

आमच्याकडे निम्मी कामं बाळाला गरम ठेवण्याची. अंगाचं तापमान साडेछत्तीसच्या खाली गेलं की धावपळ सुरू. नवजाताच्या अंगाचा जवळजवळ पाचवा हिस्सा म्हणजे डोकं, तिथून बरीच उष्णता जाते. म्हणून कांगारू पद्धतीत बाळ उघड्या अंगाने आईच्या छातीशी बांधतो. अंगावर फक्त टोपडं, मोजे, लंगोट. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटाला सुरू झाली, तिथे काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून. म्हणजे आमच्याकडे टोपडं हौसेचं नाही, कामाचं आहे.

ते डोळ्यांवर घसरलं तर उपयोग नाही आणि कपाळावर वळ उठला तरी नाही. मोती, बटण, गोंडा सुटला तर तोंडात जाईल. नाडी गळ्याशी नकोच नको. लेसच्या भोकात कमी वजनाच्या बाळाचं बोट अडकतं, त्यांची बोटं काडेपेटीच्या काडीएवढी असतात. मोजे विणलेत तर उलटे करून आतला लोंबता धागा बघा. तो बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोट काळंनिळं पडेपर्यंत कुणाला कळत नाही. मोहेरसारखी केसाळ लोकर नाकात जाते.

काळ्याचं कारण मात्र वैद्यकीय नाही. आया घालू देत नाहीत, एवढंच. आधीच बाळ पेटीत, त्यात डोक्यावर काळं! मी वाद घालत नाही.

ऑक्टोपसला आमच्या कक्षात परवानगी नाही. जंतुसंसर्गाची भीती, शिवाय बाळाच्या अंथरुणात मऊ खेळणं नको असा साधा नियम आहे.

गोदाकाठ

रात्रपाळी ताई, पिशवी काढली. गोळ्या फेकल्या. हात अजून थरथरताहेत. सिस्टरनी परत दिली म्हणून मला राग आला होता, आणि मी तीच टोपडी डांबरगोळ्यांत घालून पुढे आणखी कुठल्या तरी बाळाला द्यायच्या विचारात होते.

मापाचं पण सांगाल का?

रात्रपाळी

दिवस भरलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर. बत्तिसाव्या आठवड्यातलं बाळ साधारण २९-३०, आणि अठ्ठाविसाव्यातलं २६ च्या आसपास. तुम्ही बायका दोन-तीन महिन्यांच्या नातवाच्या आठवणीने विणता, तिथेच चूक होते. ड्यूटीवर निघाले, विणकामाचं जाणकार सांगतील.

अर्धा_खांब

जाणकार हजर. टेप घेऊन बसू नका, बाजारात जा. मोठं मोसंबं आणा, ते अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं डोकं. सोललेला नारळ म्हणजे दिवस भरलेलं. प्रत्येक टोपडं त्यावर घालून बघायचं. आमच्या मंडळात मोसंब्यावर डोळे काढले होते कुणीतरी. ते सुकेपर्यंत कुणी खाल्लं नाही.

सुयांवर करायचं तर १० नंबरच्या सुया, बाळाची मऊ अॅक्रिलिक नाहीतर सुती धागा, जाडी मध्यम. लहान मापासाठी ६० टाके घाला. दोन सुलट, दोन उलट, शेवटपर्यंत तेच. ही वीण ताणली जाते, म्हणून एकच टोपडं आठवडाभर वाढणाऱ्या डोक्यालाही पुरतं. १२ सेंटिमीटर झालं की दोन-दोन टाके एकत्र करत एक ओळ, ३० राहतील. एक ओळ साधी. पुन्हा दोन-दोन एकत्र, १५ राहतील. धागा तोडून सगळ्या टाक्यांतून ओवून घट्ट ओढा, गाठ बाहेरच्या बाजूला. शिवण सपाट घाला, बाळ त्या बाजूला झोपलं तर टोचता कामा नये. मोठ्या मापासाठी ८० टाके आणि उंची १५. लहान टोपडं १५-२० ग्रॅम लोकरीत होतं, वजनकाट्यावर घालून बघितलंय.

क्रोशावाल्यांनी मुका खांब किंवा अर्धा खांब, म्हणजे बुटके दाट टाके, वापरावेत. पूर्ण खांबात फट पडते.

लोकरीबद्दल माझं मत: खरी मेंढीची लोकर उबदार खरी, पण रुग्णालयात गरम पाण्यात गेली की आटून नमदा होतो. अॅक्रिलिक धुवायला सोपी, मात्र उकळत्या पाण्यात आणि इस्त्रीखाली कायमची ढिली पडते. सुती सगळं सोसते, पण जड असते आणि ओली झाली की थंड. कुठली चालते ते त्या कक्षालाच विचारा, कारण टोपडं तिथे धुतात की बाळाबरोबर घरी पाठवतात यावर ते ठरतं.

शेवंतीआजी

माझं वय ७४. १९६२ च्या लढाईत आम्ही शाळेतल्या पोरी जवानांसाठी मोजे विणायचो. माझा एक मोजा नेहमी दुसऱ्यापेक्षा मोठा व्हायचा. बाई म्हणाल्या, "दोन्ही पाय सारखेच असतात गं त्यांचे," आणि उसवायला लावला. रडले होते. पण राग बाईंचा नाही आला, मोज्याचा आला.

तुझ्या काकूंना असंच सांग. काकूंचं नाव घेऊन नको, टोपड्याचं नाव घेऊन सांग.

मोगरा७२

आजी, मानलं तुम्हाला. काळ्या टोपड्यांचं मी सुचवू का? संक्रांत येतेय. बोरन्हाणाला काळं झबलं घालतात, काळं टोपडं कुणी नाही म्हणणार नाही. तुमच्याच सोसायटीत वर्षाच्या आतली चार पोरं असतील. वास गेल्यावर, अर्थात.

कोपरगावकर

पुरुष आहे, विणकाम येत नाही, तरी बोलतो. मोठी टोपडी वाया कशाला घालवता? दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात, बीडकडून. फडाच्या कडेला कोप्या घालून मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. आई-बाप पहाटे चारला ऊस तोडायला, तान्हं पोर फडात झोळीत. डिसेंबर-जानेवारीत तुमच्या निफाडला पारा पाच-सहावर येतो तेव्हा त्या कोपीत काय होत असेल विचार करा. सहा महिने ते पाच वर्षं वयाची पोरं भरपूर असतात. मुकादमाला भेटून, किती पोरं आहेत ते मोजून मग जा. अर्ध्यांना देऊन अर्ध्यांना न देणं फार वाईट. आणि फोटो काढत बसू नका.

टाका_चुकला

कोपरगावकर, शेवटच्या वाक्याला +१.

अर्धा_खांब

आणि काकूंच्या लेसला जागा आहे हो. चेन्नईत २०१६ साली बायकांनी मिळून ११ हजार चौरस मीटरहून मोठं क्रोशाचं पांघरूण केलं, विक्रम झाला, आणि नंतर ते सोडवून पांघरुणं गरजूंना वाटली. मोठ्या माणसाच्या पांघरुणात फूल कितीही असू दे, कुणाचं बोट अडकत नाही. वृद्धाश्रमात विचारून बघा.

गोदाकाठ (पाच आठवड्यांनी)

उशिराबद्दल माफी. सगळं सांगते.

टोपडी धुतली, गच्चीवर तीन आठवडे रोज वाळवली. नऊ घरांतल्या नऊ नाकांनी तपासली. ६१ मोठी टोपडी दिंडोरीजवळच्या दोन टोळ्यांवर गेली. मोती आणि नाड्या आधी काढल्या. पोरं मोजून गेलो होतो, तरी सहा कमी पडली, पाहुणे आले होते म्हणे. दुसऱ्या दिवशी परत जाऊन दिली. काळी आठ संक्रांतीसाठी बाजूला ठेवली आहेत.

काकूंना सांगायची वेळ आलीच नाही. मी गच्चीवर वाळवणाच्या दोरीवर टोपडी लावत होते आणि त्या पापडाचं पीठ बघायला वर आल्या. स्वतःची फुलं लगेच ओळखली. मी धीर करून सगळं सांगितलं, रात्रपाळी ताईंचं बोटाचं आणि काडीचं सुद्धा. त्या बराच वेळ एक टोपडं हातात फिरवत उभ्या राहिल्या. भोकात करंगळी घालून पाहिली. मग म्हणाल्या, "दोन महिने 'हो हो' म्हणत होतीस. त्या दोन महिन्यांत मी अजून अकरा केली ना गं!"

तर ती अकरा, आणि परत आलेल्या चौतीसपैकी चोवीस काकूंकडेच राहिली. बाकीची दहा मोठ्या मापाची होती, ती काकूंनीच फुलं काढून टोळीवर पाठवली. आता त्या एका वृद्धाश्रमासाठी पांघरूण करताहेत, टोपड्यांची फुलं उसवून त्यात लावताहेत. आणि रोज दुपारी एक साधं टोपडं, दोन सुलट दोन उलट. टेबलावर मोसंबं असतं. "कंटाळवाणं काम आहे," असं रोज म्हणतात आणि रोज करतात.

नवीन प्रश्न: त्या कक्षातल्या सिस्टर म्हणाल्या सुतीच द्या, उकळून घेऊ. आम्ही तीन रंगांचं सुती सूत आणलंय. एक पिवळं टोपडं उकळून पाहिलं तर पाणी पिवळं झालं. विणायच्या आधी लडी मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो का, की सरळ पांढरंच सूत आणावं? काकू पांढऱ्याला तयार नाहीत.