टँपात घर, एच-वन व्हिसा आणि हरिकेन: आधी काय करायचं, नंतर मदत कशी मिळते?

खाडीकाठ:
फ्लोरिडातल्या टँपात दोन महिन्यांपूर्वी घर घेतलं, खाडीपासून साधारण दोन मैलांवर. मी एच-वनवर (नोकरीचा व्हिसा), बायको एच-फोरवर (जोडीदाराचा), चार वर्षांची मुलगी इथेच जन्मलेली. आई सध्या भारतातून व्हिजिटर व्हिसावर आली आहे. घराचा विमा आहे, पण घर फ्लड झोन ‘एक्स’मध्ये (पुराचा धोका कमी मानलेला भाग) असल्यामुळे बँकेने पुराचा विमा मागितला नाही. १ जूनला हरिकेनचा मोसम सुरू होतोय. आधी कशाला हात घालू? आणि नुकसान झालंच, तर ग्रीन कार्ड नसताना फेमाची (अमेरिकन सरकारची आपत्ती-मदत संस्था) मदत मिळते का? ऑफिसात दोघांनी दोन वेगळी उत्तरं दिली.

उधाण:
पुराचा विमा आधी, आणि तोही आजच. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत वाऱ्याने उडालेलं छप्पर बसतं, त्या भगदाडातून आत आलेला पाऊसही बसतो. जमिनीवरून चढत आलेलं पाणी मात्र बसत नाही. सरकारी पूरविमा, म्हणजे एनएफआयपी, घेतल्यापासून साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळाला नाव पडल्यावर धावपळ करून उपयोग नाही. घरासाठी कमाल २,५०,००० डॉलर आणि सामानासाठी कमाल १,००,००० डॉलर मिळतात. सामानाचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं आणि इथेच बरेच जण फसतात. शिवाय घर राहण्याजोगं नसताना हॉटेलात राहिलात, तर त्याचा खर्च ही पॉलिसी देत नाही.

‘एक्स’चा अर्थ ‘बँक सक्ती करत नाही’ एवढाच. पाणी येणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. फ्लड झोन आणि इव्हॅक्युएशन झोन हे दोन वेगळे नकाशे आहेत. पहिला विम्यासाठी, दुसरा घर सोडण्यासाठी. हिल्सबरो काउंटीच्या (टँपा ज्यात येतं तो जिल्हा) साइटवर पत्ता टाकला की तुमच्या इव्हॅक्युएशन झोनचं अक्षर कळतं. ते ‘ए’ किंवा ‘बी’ असेल तर आदेश निघाला की निघायचं, घर कितीही भक्कम असलं तरी. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन हरिकेन किनाऱ्याला लागलं ते पेरीजवळ, टँपाच्या कितीतरी उत्तरेला. तरीही टँपाच्या खाडीत पाण्याने विक्रमी उंची गाठली. म्हणून वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर जो शंकू काढतात, त्यात आपलं घर आहे की नाही यावर भरवसा ठेवू नका. शंकू वादळाच्या केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो, पाणी कुठवर पोहोचेल ते दाखवत नाही.

घराच्या पॉलिसीत हरिकेनचं डिडक्टिबल वेगळं असतं आणि बहुतेकदा टक्क्यांत. ४,००,००० डॉलरचा विमा असलेल्या घराला २ टक्के म्हणजे पहिले ८,००० डॉलर तुमच्या खिशातून. तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा.

रंधा_करवत:
घराच्या तयारीचं मी सांगतो. खिडक्यांवर टेपच्या फुल्या मारू नका. काच फुटायची ती फुटतेच, फक्त तुकडे मोठे आणि जास्त घातक होतात. शटर नसतील तर ५/८ इंची एक्स्टिरिअर प्लायवूड आत्ताच कापून घ्या आणि प्रत्येक तुकड्यावर खिडकीचा नंबर लिहा. तुमच्याकडच्या भिंती बहुधा काँक्रीट ब्लॉकच्या असतील. त्यांत प्लायवूड अडकवायचे अँकर आधी बसवलेले नसले, तर वाऱ्यात शिडीवर उभं राहून ड्रिल मारायची पाळी येते. गराजचं दारही तपासा, सगळ्यात कच्चा दुवा तोच. ते आत दबलं की वारा घरात शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. जुनं दार असेल तर ब्रेसिंग किट बसवून घ्या.

जनरेटर घेतलात तर घरापासून किमान २० फूट लांब ठेवा, धुराडं घराच्या विरुद्ध दिशेला. दार उघडं असलं तरी गराजमध्ये चालवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळ गेल्यावर माणसं दगावतात ती अशीच. बॅटरीवरचा सीओ अलार्म झोपण्याच्या खोलीजवळ लावा. भिंतीतल्या सॉकेटला जनरेटर जोडून घरभर वीज फिरवायचा ‘जुगाड’ तर मुळीच नको. तीच वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमध्ये तिचा दाब चढतो आणि खांबावरच्या कामगाराचा जीव जातो. इलेक्ट्रिशियनकडून इनलेट (जनरेटर जोडायची जागा) आणि इंटरलॉक (जनरेटर आणि बाहेरची लाइन एकदम चालू होऊ न देणारी कडी) बसवून घ्या. ५ ते ७ हजार वॉटच्या जनरेटरवर फ्रीज, पंखे आणि खिडकीतला छोटा एसी चालतो, सेंट्रल एसी नाही. अर्ध्या भारावर तासाला अर्धा ते पाऊण गॅलन पेट्रोल लागतं, त्यावरून कॅन मोजा.

पाणी माणशी रोज एक गॅलन, आठवडाभराचं. तुम्ही चौघं, म्हणजे २८ गॅलन. बाथटब भरून ठेवा, फ्लशला कामी येतो. खायला दशम्या, खाकरे, मेतकूट, लाडू असं न शिजवता चालणारं ठेवा. शेगडी विजेची असेल तर कुकर निव्वळ शोभेचा. फ्रीज बंद राहिला तर चार तास टिकतो, भरलेला फ्रीझर ४८ तास. इलेक्ट्रिक गाडी असेल तर उंच जागी लावून या. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी पुढे काही दिवसांनीही पेट घेते.

कागदपत्रं_तयार:
व्हिसाचं नीट समजून घ्या, कारण इथली चूक पैशांपेक्षा महाग पडते. फेमाची रोख मदत नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांसारख्या ठरावीक गटांना मिळते. एच-वन, एच-फोर त्यात बसत नाहीत. पण तुमची मुलगी नागरिक आहे आणि तुमच्याच घरात राहते. तिच्या वतीने तुम्ही अर्ज करू शकता, फक्त तिचा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. दोन्ही ऑफिसवाले अर्धे बरोबर होते ते यामुळेच. अर्जात पात्रतेबद्दल प्रतिज्ञापत्र असतं. ते मुलीच्या नावाने आहे हे वाचून, खात्री करून मगच सही करा. घाईत ‘मी नागरिक आहे’ अशा रकान्यावर सही गेली, तर नागरिकत्वाचा खोटा दावा म्हणून पुढे ग्रीन कार्डची वाट कायमची बंद होऊ शकते. शंका असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

कोकणात वादळानंतर तलाठी पंचनाम्याला येतो. इथे आधी स्वतः नोंदणी करावी लागते, नाहीतर कोणी फिरकत नाही. राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर करावी लागते आणि तुमच्या काउंटीला ‘इंडिव्हिज्युअल असिस्टन्स’ (व्यक्ती-कुटुंबांना मिळणारी मदत) लागू व्हावं लागतं. मग डिझास्टरअसिस्टन्स डॉट गव्हवर किंवा ८००-६२१-३३६२ वर नोंदणी. मुदत सहसा ६० दिवस. इन्स्पेक्टर अनोळखी नंबरवरून फोन करतो, त्या आठवड्यांत एकही फोन टाळू नका. तो पैसे मागत नाही आणि रकमेचा निर्णयही घेत नाही. पैसे मागणारा इन्स्पेक्टर खोटा समजा.

विमा असेल तर दावा आधी विम्याचा. ज्या नुकसानीचे पैसे विम्याने दिले, त्याचे फेमा पुन्हा देत नाही. म्हणूनच पहिलं पत्र अनेकदा ‘अपात्र’ असं येतं, आणि लोक तिथेच हात टेकतात. ते पत्र शेवटपर्यंत वाचा. बहुतेकदा विमा कंपनीचं निकालपत्र किंवा घरमालकीचा पुरावा, एवढंच हवं असतं. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करता येतं. प्रत्येक पानावर अर्ज क्रमांक लिहा.

आणि फोटो आत्ताच काढा. नुसता खोलीचा नको. फ्रीज, एसी, वॉटर हीटर यांच्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर वाचता येईल इतक्या जवळून. पासपोर्ट, आय-७९७ (एच-वन मंजुरीचं पत्र), मुलीचा जन्मदाखला, पॉलिसी हे सगळं झिपलॉकमध्ये आणि क्लाउडवरही.

खाडीकाठ:
मनापासून आभार. मुलीच्या नावाने अर्ज करता येतो हे कोणीच सांगितलं नव्हतं. आईला शेल्टरमध्ये घेतील ना? तिला इन्सुलिन लागतं. आणि पाणी शिरलंच, तर साफसफाईसाठी विम्याच्या माणसाची वाट पाहायची का?

उधाण:
आईंना घेतील. शेल्टर, अन्न, पाणी, तातडीचे उपचार यांसाठी इमिग्रेशन स्टेटस लागत नाही. मात्र विजेवर चालणारं उपकरण किंवा नर्सची गरज असेल, तर स्पेशल नीड्स शेल्टरची नोंदणी काउंटीकडे मोसमाआधीच करा. अंथरूण-पांघरूण आपलंच न्यायचं. इन्सुलिन कूलरमध्ये ठेवा, पण बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. आणीबाणी जाहीर झाली की फ्लोरिडात ३० दिवसांचं औषध मुदतीआधी भरून मिळतं, पण त्यासाठी इथल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. तिची सोय आधी करा.

साफसफाईसाठी अजिबात थांबू नका, २४ ते ४८ तासांत बुरशी धरते. आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो घ्या, मग ओला गालिचा कापून बाहेर. त्याचा हातभर तुकडा मात्र पिशवीत घालून नाव-तारखेसह ठेवा, विम्याच्या माणसाला (अ‍ॅडजस्टरला) दाखवायला. ड्रायवॉल (भिंतीवरचे जिप्समचे पत्रे) रेषेच्या एक फूट वरपर्यंत कापा, कारण ती पाणी वर ओढते. आतलं इन्सुलेशन ओलं असेल तर आणखी वर. एनएफआयपीचं ‘प्रूफ ऑफ लॉस’ (नुकसानीचं सही केलेलं निवेदन) ६० दिवसांत पोहोचलं पाहिजे. वादळाआधी घेतलेल्या वाळूच्या पिशव्यांच्या पावत्याही जपा, तो खर्च १,००० डॉलरपर्यंत परत मिळू शकतो.