काजूच्या बोर्म्यासाठी गरम पाण्याची टाकी: आत वाळू भरावी की खडी?

वेंगुर्ला_काजू
टरफलांची भट्टी संध्याकाळी बंद होते, पण बोर्म्याला (काजूगर वाळवायच्या गरम हवेच्या खोलीला) रात्रभर साधारण 65 अंशांची हवा लागते. 1 मीटर लांब-रुंद-उंच टाकी, तळाशी कॉइल, पाणी 90 अंशांपर्यंत तापवून 70 पर्यंत वापरायचं. वीज जाते म्हणून पंप नको, पाणी आपोआप फिरायला हवं. वाळू उष्णता धरून ठेवते म्हणतात, म्हणून टाकीत किनाऱ्याची बारीक वाळू भरायचा विचार आहे. चालेल का? की खडी बरी?

उष्णतावहन
वाळू नकोच. पोकळ्यांतून पाणी किती सहज जातं हे कणाच्या व्यासाच्या वर्गावर (व्यास × व्यास) ठरतं. खाली तापवलेल्या भरावात रॅले-डार्सी अंक (गरम पाण्याची वर चढण्याची ओढ तिला अडवणाऱ्या गोष्टींच्या तुलनेत किती, ते सांगणारा) 39.5 च्या वर गेला तरच पाणी फिरू लागतं. हॉर्टन-रॉजर्स (1945) आणि लॅपवूड (1948) यांनी हीच मर्यादा काढली. तुमच्या टाकीत वर-खाली 20 अंशांचा फरक धरला तर 0.2 मिमी वाळूला हा अंक 28 च्या आसपास येतो. म्हणजे अभिसरण शून्य, उष्णता फक्त वहनाने वर चढणार: जेमतेम 40 वॅट. टाकी तापायला दोन आठवड्यांहून जास्त लागतील! 0.5 मिमी वाळूला अंक 170 येतो, पाणी फिरतं, पण उष्णता फार तर चौपट. 20 मिमी खडीला तो लाखांत जातो. तिथे डार्सीचा नियम (भरावातून पाणी संथ झिरपण्याचा) तसाच लागू होत नाही, पण पाणी फिरणार हे नक्की.

शिवाय किनाऱ्याच्या वाळूत मीठ असतं. गरम पाण्यातल्या क्लोराइडमुळे 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या कॉइलला खड्डे पडतात.

रत्नागिरी_फॅब्रिकेशन
फिरण्याचा प्रश्न खडीने सुटेल, पण साठवण घटेल. घनमीटरमागे दर अंशाला पाणी सुमारे 4.1 मेगाजूल धरतं, काळा दगड 2.5. 40 टक्के पोकळी धरली तर 20 अंशांच्या फरकात नुसत्या पाण्याची टाकी 23 युनिट देते, खडीची 17. दगडाचा फायदा हवा किंवा तेल वापरताना होतो, पाण्यात नाही.

तरी खडी घालणारच असाल तर एकाच मापाची, धुतलेली घ्या. बारीक चुरी मिसळून पोकळी 40 वरून 30 टक्के झाली की पारगम्यता (पाणी जाऊ देण्याची क्षमता) तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येते. जांभा अजिबात नको, लाल गाळ सुटतो. कॉइल खडीत पुरू नका. तिच्यावर जाळी ठेवून वर भराव करा.

वेंगुर्ला_काजू
मग खडी रद्द. पाणी भट्टीतूनच फिरवलं तर?

रत्नागिरी_फॅब्रिकेशन
तेच उत्तम. भट्टीचं वॉटर जॅकेट (भट्टीभोवतीचं पाण्याचं कवच) टाकीच्या तळापेक्षा खाली हवं. गरम पाइप सतत चढता ठेवा. मध्ये कुबड आलं की हवा अडकते आणि फिरणं थांबतं. गरम पाइप टाकीच्या वरच्या भागात सोडा, थंड पाइप तळातून घ्या, व्हेंट (हवा-वाफ बाहेर जायची नळी) उघडा ठेवा. त्यावर व्हॉल्व्ह बसवू नका, जॅकेटमध्ये वाफ झाली तर तेवढीच वाट असते.

उष्णतावहन
टाकीला बाहेरून 100 मिमी रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) लावलंत तर 12 तासांत साधारण दीड युनिट जाईल. पावसाळ्यात ते भिजलं तर हा हिशोब कोसळतो, त्यामुळे वरचं पत्र्याचं आवरण सांध्यांसकट सील करा. तासाला 100 घनमीटर हवा 30 वरून 65 ला न्यायला 1.1 युनिट लागतं, म्हणजे 10 तास चालवायचं तर तासाला 190 घनमीटरच्या वर जाऊ नका. शेवटच्या तासांत पाणी आणि हवेत फरक थोडा राहतो, म्हणून पंखांचा (फिन असलेला) रेडिएटर मोठाच घ्या.