मदत हवी आहे : बोंडअळीवर ऑनलाइन कोर्स काढतोय, पण आधी शेतकऱ्यांना काय विचारू?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितोय. बी.एस्सी. ॲग्री झालोय, घरी पऱ्हाटी (कापूस) आहे. गुलाबी बोंडअळीवर मोबाइलवर पाहता येईल असा छोटा कोर्स करायचाय. २०१७ साली आमच्याकडे अळीने बोंडं पोखरली आणि फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते अजून डोक्यातून जात नाही.

११ धड्यांची यादी केली होती. अळीचा जीवनक्रम, कामगंध सापळे (मादीच्या वासाचं आमिष लावून अळीचे नर पतंग पकडणारे), निंबोळी अर्क, फरदड (हंगाम संपल्यावरही तीच पऱ्हाटी राखून घेतलेलं पीक) का घेऊ नये, असं सगळं. मग गावच्या ग्रुपवर फॉर्म टाकला : कोर्स हवा का? ३४ जणांचं ‘हो’. पैसे द्याल का, त्यालाही बहुतेकांचं ‘हो’. गावातल्या पोराचं मन कोण मोडेल?

म्हणून पोळ्याच्या सुमारास कृषी केंद्राबाहेर दोन दिवस नुसता बसून ऐकलं. जीवनक्रमाचं कुणी नावही काढलं नाही. ‘डोमकळ्या दिसून रायल्या, आता कोन्तं मारू?’ (डोमकळी म्हणजे आत अळी असल्याने नीट न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल.) ‘हे अन् ते एकाच पंपात चालते का जी?’ एका काकांनी सापळे नीट लावले होते, पण त्यातले पतंग मोजायचे असतात हे त्यांना माहीतच नव्हतं. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले, किंवा २० हिरवी बोंडं फोडल्यावर दोनांत अळी निघाली, की फवारणीची वेळ आली. त्यांना एवढंच हवं होतं.

त्याहून मोठा घोळ पुढे आहे. पंप पाठीवर घेतो तो मजूर, फोन मालकाकडे. डोमकळी आधी दिसते ती निंदणाऱ्या बायांना. मग माझा विद्यार्थी नेमका कोण? खरं उत्तर मिळेल असं विचारायचं कसं, आणि किती जणांशी बोललं की पुरे?

प्रतिसाद :
दादा, मी वाशीमकडे शेळीपालनाचे वर्ग घेते. ‘हवं का’ हे विचारूच नका, मागच्या हंगामाचं विचारा. पहिली फवारणी कधी केली, कुणाच्या सांगण्यावरून, खर्च किती आला, पुन्हा केली असती का? घडलेलं सांगताना माणूस भिडेखातर हो म्हणत नाही. आठ-दहा जणांनंतर तेच ते ऐकू यायला लागलं की थांबा. मजुरांकडे संध्याकाळी घरी जा, मालकासमोर ते बोलणार नाहीत. आणि ११ धडे आत्ताच रेकॉर्ड करू नका. पतंग मोजण्याचा एकच धडा, तीन मिनिटांचा, वऱ्हाडीत, दहा जणांना पाठवा. चार दिवसांनी शेतावर जाऊन कुणी मोजलं ते बघा.

ताई, मागच्या हंगामाचं विचारायचं हे सुचलंच नव्हतं. आज त्याच काकांपासून सुरू करतो. मजुरांच्या घरी मात्र बाबांना घेऊन जाऊ की एकटाच?

एकटेच जा. तुमचे बाबाही मालकच ना.