रत्नागिरीची कातळशिल्पं आणि थिबा राजवाडा: क्रम कसा लावावा?

माडबन: डिसेंबरात शनिवार ते सोमवार रत्नागिरीत आहे. उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं (उघड्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं) आणि थिबा राजवाड्यातलं संग्रहालय बघायचंय. आई सोबत आहे, तिला फार चालवत नाही.

सडेकर: संग्रहालय सोमवारी बंद असतं, ते शनिवारीच करा. राजवाडा १९१० चा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १९१६ मध्ये वारला तो रत्नागिरीतच.

कातळशिल्पांना मात्र भर दुपारी जाऊ नका. रेघा उथळ असतात. ऊन डोक्यावर आलं की त्यांत सावली पडत नाही, मग पायाशी अख्खा हत्ती असला तरी नुसता काळा जांभा दिसतो. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर, तिरप्या उन्हात, तीच रेघ उठून येते.

खाडीपल्याड: आईंना उक्षी सोपं पडेल. तिथल्या हत्तीभोवती चिऱ्यांचा गडगा (दगडी कुंपण) आहे, वरून हत्ती नीट दिसतो. कशेळीचा हत्ती प्रचंड, पोटात मासे आणि प्राणी कोरलेले. एका जागी उभं राहून कळत नाही, बाहेरच्या रेघेच्या कडेकडेने फिरा. गोठण्याला होकायंत्र न्या, शिल्पाजवळ सुई भरकटते.

सडेकर: आणि कृपा करून फोटोसाठी रेघांत खडू भरू नका. पाचोळा हातानेच सारा, खराटा नको. बरेच सडे (कातळाची उघडी पठारं) खाजगी आहेत, वाडीत विचारून जा. वर सावली नाही, पाणी भरपूर घ्या.