जिनिव्हातील बिनपगारी इंटर्नशिप: घरची ठेव मोडून जावे का?

पाचवे वर्ष, विधी

मी नागपुरातील एका विधी महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षाला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या अखत्यारीतील जिनिव्हा येथील एका कार्यालयाने तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी माझी निवड केली आहे. काम मानवी हक्कांविषयीच्या अहवालांचे आहे आणि ते मला मनापासून करावेसे वाटते. अडचण अशी की सचिवालयाच्या नियमानुसार या इंटर्नशिपला विद्यावेतन नाही. प्रवास, व्हिसा, निवास आणि आरोग्यविमा हा सगळा खर्च इंटर्नने किंवा त्याला पाठवणाऱ्या संस्थेने करायचा असतो. महाविद्यालयाने अभिनंदनाचे पत्र दिले आणि आर्थिक साहाय्य शक्य नसल्याचे त्याच पत्रात कळवले. कितीही काटकसर धरली तरी माझा अंदाज साडेपाच लाखांच्या खाली येत नाही. वडिलांचे इतवारीत हार्डवेअरचे दुकान आहे. धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायला ते तयार आहेत, आणि मला तेच खुपते आहे. दोन्ही बाजूंची मते स्पष्ट शब्दांत हवी आहेत.

धरमपेठकर

माझे मत: जाऊ नये. स्विस फ्रँक आज शंभर रुपयांच्या वर आहे, त्यामुळे तिथला साधा चहासुद्धा तुमच्या वडिलांच्या दुकानातील बरीच विक्री खाऊन टाकेल. पण माझा आक्षेप केवळ महागाईला नाही. जिनिव्हा कँटनच्या (म्हणजे तिथल्या प्रांताच्या) मतदारांनी सप्टेंबर 2020 मध्ये तासाला 23 फ्रँक किमान वेतन मंजूर केले आणि तेव्हापासून तो आकडा थोडा वाढलाच आहे. म्हणजे ज्या शहरात भांडी घासणाऱ्यालाही त्याहून कमी देता येत नाही, त्याच शहरात मानवी हक्कांचे अहवाल लिहिणाऱ्या मुलीने स्वतःच्या खिशातून पैसे घालून काम करायचे. आंतरराष्ट्रीय संस्थांना यजमान देशाच्या न्यायालयांपासून उन्मुक्ती असते, म्हणून तो कायदा त्यांच्या फाटकाबाहेर थांबतो, हे तुम्ही विधीच्या विद्यार्थिनी असल्याने वेगळे सांगायला नको.

शिवाय या इंटर्नशिपनंतर नोकरीचे कोणतेही आश्वासन नसते. भावाची ठेव मोडून घ्यावी अशी ही गोष्ट नव्हे.

सिव्हिल लाइन्स, वकील

धरमपेठकरांचा राग समजण्यासारखा आहे, परंतु तो जिनिव्हापुरता का, हे मला कळलेले नाही. मी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. सनद मिळालेली किती मुले इथल्या चेंबरमध्ये वर्षभर केवळ पेट्रोलच्या पैशांवर राबतात, हे न्यायालयाच्या आवारात चहा पिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढून कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असे सुचवले. सुचवले, बंधनकारक केले नाही. म्हणून चेंबर बदलले की आकडाही बदलतो. फुकट श्रम आपल्या गल्लीत चालतात तेव्हा आपण त्यांना उमेदवारी म्हणतो आणि गप्प बसतो. मग परदेशातील संधी आली की तत्त्व आठवावे, हे मला पटत नाही. मुलीची निवड गुणवत्तेवर झाली आहे, काम तिच्या विषयाचे आहे, तिने जावे.

मात्र पैशांआधी एक गोष्ट तपासून घे, बेटा. परिषदेच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिप आवश्यक आहे, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही, आणि परीक्षेला बसण्यासाठी 70 टक्के हजेरी लागते. तीन महिने सत्राच्या मधोमध आले, तर जिनिव्हाचे प्रमाणपत्र हातात आणि पदवी लटकलेली अशी अवस्था व्हायची. प्राचार्यांकडून हजेरीबाबत लेखी घेतल्याशिवाय व्हिसाच्या अर्जाला हात लावू नकोस. तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

वैनगंगेकाठ

मी मूळचा गडचिरोली जिल्ह्यातील, सध्या नागपुरात राहतो. वकीलसाहेबांचे हजेरीविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण गुणवत्तेचा मुद्दा मान्य नाही. ज्या निवडीसाठी साडेपाच लाख खर्च करण्याची तयारी ही न लिहिलेली अट आहे, ती केवळ गुणवत्तेची निवड कशी? माझ्या तालुक्यातील जी मुलगी या प्रश्नकर्तीइतकीच हुशार आहे ती अर्जच करत नाही. तिच्या घरी मोडायला ठेव नाही. त्यामुळे आदिवासींच्या हक्कांवरचे अहवाल अशा मुलांच्या हातून लिहिले जातात ज्यांनी ग्रामसभा कधी पाहिलेली नसते. संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी समूहांच्या हक्कांचा जाहीरनामा 2007 मध्ये स्वीकारला. त्याच्या आदल्या वर्षी आपल्याकडे वनहक्क कायदा संमत झाला आणि 2009 मध्ये आमच्या जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला. बांबू कोणी तोडायचा, कोणाच्या परवान्याने विकायचा, वाहतुकीचा पास कोण देणार, यावर त्या गावाने वनखात्याशी जो वाद घातला तो मानवी हक्कांच्या कोणत्याही अभ्यासक्रमात शोभेल. तुम्हाला मानवी हक्कच शिकायचे असतील, तर नागपूरहून पहाटेची एसटी पकडा. वनहक्काच्या दाव्यांचे कागद लिहून देणाऱ्या, नकाशे वाचणाऱ्या आणि जिल्हास्तरीय समितीपुढे बोलणाऱ्या माणसांची तिथे आजही वानवा आहे. राहण्या-जेवणाची सोय गाव करते. हे कामही बिनपगारी असेल, पण त्यासाठी कोणाची ठेव मोडावी लागणार नाही आणि त्याचा उपयोग कोणाला झाला हे समोर दिसेल.

मनीषनगर, परतलेला

मी जिनिव्हात बिनपगारी इंटर्नशिप करून आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खर्चाचा मोठा भाग खोलीचा असतो. अनेक इंटर्न सीमेपलीकडील फ्रान्समधील आनमास किंवा फेर्ने-व्होल्तेर येथे राहतात, कारण तिथे भाडे कमी पडते आणि 2019 च्या डिसेंबरपासून आनमासहून लेमान एक्सप्रेस ही रेल्वे थेट जिनिव्हात येते. पण आपला व्हिसा कोणत्या देशाने कोणत्या मुदतीचा दिला आहे यावर तिथे मुक्काम करता येतो की नाही हे ठरते, तेव्हा दूतावासाकडून खात्री केल्याशिवाय भाडेकरार करू नये. जेवण स्वतः शिजवावे लागते. कुकर सोबत न्यावा.

2015 मध्ये न्यूझीलंडचा एक 22 वर्षांचा इंटर्न तिथल्या सरोवराकाठी तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. प्रश्नाकडे लक्ष वेधण्याचाही आपला हेतू होता, असे त्याने पुढे सांगितले. ती गोष्ट सांगून लोक नव्या मुलांना घाबरवतात. तंबूत राहावे लागत नाही, पण हात आखडून जगावे लागते हे खरे.

आता मिळाले काय? वैनगंगेकाठ यांच्याशी मी एका बाबतीत सहमत आहे: माझ्यासोबतचे बहुतेक जण सुस्थितीतील घरांचे होते. तरीही सदस्य देशांचे प्रतिनिधी एका वाक्यातील क्रियापदावर तासन्‌तास का अडतात, अहवालातील कोणता परिच्छेद कोणत्या देशाच्या हरकतीमुळे गळतो, हे मी तिथे बसूनच शिकलो. पुस्तकात ते नव्हते. पुढे परदेशी विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीसाठी जे शिफारसपत्र उपयोगी पडले, तेही तिथल्याच पर्यवेक्षकांचे होते. विदर्भातील मुलांनी तत्त्वासाठी जागा सोडली, तर ती जागा रिकामी राहत नाही. दिल्ली-मुंबईचे कोणीतरी तिथे बसते.

धरमपेठकर

जागा दुसरा घेईल हा युक्तिवाद प्रत्येक अन्यायाच्या बाजूने करता येतो. मानवी हक्कांच्या 1948 च्या वैश्विक जाहीरनाम्यातील 23 वे कलम काम करणाऱ्या प्रत्येकाला न्याय्य मोबदल्याचा हक्क देते. तो जाहीरनामा ज्या संघटनेने काढला तिच्याच सचिवालयात हे चालते. आणि हे बदलत नाही असेही नाही. जिनिव्हात 2017 च्या फेब्रुवारीत इंटर्नांनी रस्त्यावर येऊन निदर्शने केली. युनिसेफने 2018 पासून विद्यावेतन सुरू केले, जागतिक आरोग्य संघटनेने 2020 पासून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना तर त्याच शहरात इंटर्नना विद्यावेतन देते. त्यामुळे मी प्रश्नकर्तीला असे सुचवेन की कामगार कायदा हा विषय चालत असेल तर तिकडे अर्ज करावा.

आणि आपल्या गावाला तरी याचे उदाहरण बाहेरून आणावे लागू नये. दीक्षाभूमीच्या शहरात राहून आपण विसरतो की बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. ज्याला पाठवायचे त्याला पैसे देऊन पाठवायचे, हे बडोद्याच्या दरबाराला शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळत होते.

मनीषनगर, परतलेला

उदाहरण उत्तम, पण ते अर्धेच सांगितले. त्या शिष्यवृत्तीबरोबर परत येऊन बडोदा संस्थानाची सेवा करण्याचा करार होता, आणि त्या सेवेत बाबासाहेबांच्या वाट्याला काय आले ते आपण सगळे जाणतो. पैसे देणारा अटीही घालतो. राहिला प्रश्न शिष्यवृत्तीचा: राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर पदवी व पीएच.डी. यांसाठी आहेत, तीन महिन्यांच्या इंटर्नशिपला त्या लागू होत नाहीत. म्हणजे आज जिला जायचे आहे तिच्यासमोर सयाजीराव नाहीत. तिने काय करावे हे तुम्ही सांगितले नाही.

वैनगंगेकाठ

सांगितले की. विद्यावेतन देणाऱ्या संस्थेकडे अर्ज करावा, तोवर गडचिरोलीला यावे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचेही पाहा: तिथल्या न्यायिक फेलोशिपचा खर्च पाठवणाऱ्या विद्यापीठाने करायचा असे, म्हणून श्रीमंत विद्यापीठांचीच मुले जात. त्यावर टीका झाली आणि डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने विकसनशील देशांतील विद्यापीठांच्या उमेदवारांसाठी विश्वस्त निधीची व्यवस्था केली. कोणीतरी नाही म्हटल्याशिवाय असे होत नसते.

पाचवे वर्ष, विधी

सर्वांची आभारी आहे. वकील सरांचे ऐकून आधी महाविद्यालयात गेले. हजेरीबाबत लेखी देण्यास त्यांनी नकार दिला. सत्र संपल्यावर गेल्यास हरकत नाही, असे म्हणाले. सचिवालयाच्या इंटर्नशिपची किमान मुदत दोन महिने आहे, म्हणून मी जिनिव्हाच्या कार्यालयाला परीक्षेनंतर, तीनऐवजी दोन महिन्यांसाठी येण्याची परवानगी मागणार आहे, आणि त्यातील काही काळ नागपुरातून दूरस्थ काम करता येईल का हेही विचारणार आहे. कोविडच्या काळात काही कार्यालयांनी तशी मुभा दिली होती. त्यांनी होकार दिला तर खर्च बराच कमी होईल आणि भावाच्या ठेवीला हात लावावा लागणार नाही. ठेव मोडावी लागणार असेल तर मी नकार कळवणार आहे. वडिलांना हे पटलेले नाही, त्यांच्या मते मी उगाच हट्ट करते आहे. श्रम संघटनेच्या अर्जाचे काम मात्र सुरू केले आहे.

धरमपेठकर सर, 23 व्या कलमाचा उल्लेख मी त्या ईमेलमध्ये करावा का?

सिव्हिल लाइन्स, वकील

करू नकोस. मागणी करणाऱ्या पत्रात युक्तिवाद मिसळला की वाचणारा मागणी बाजूला ठेवून युक्तिवादालाच उत्तर देतो. तारखा लिही, विद्यापीठाचे परीक्षेचे वेळापत्रक जोड, दूरस्थ कामाचा प्रस्ताव स्वतंत्र परिच्छेदात मांड आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित आहे हे नम्रपणे कळव. कलमाचा उल्लेख जिथे शोभेल अशी जागा आहे: इंटर्नशिप संपल्यावर अभिप्राय मागितला, तर तिथे ते सविस्तर लिही.

धरमपेठकर

वकीलसाहेबांशी पहिल्यांदाच सहमत. फक्त अभिप्राय मागण्याची वाट पाहू नका, न मागताही लिहा.