'होडाउन' कोपलंडचं की बिल स्टेपचं?

रानपाखरू: परवा इथे कुणीतरी लिहिलं की 'होडाउन' ही निव्वळ अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलंडची प्रतिभा, लोकधून काय कुणाच्या मालकीची नसते. वाचून डोकंच फिरलं. 'होडाउन' ज्यात आहे तो त्याचा 'रोडिओ' बॅले 1942चा. त्याच्या पाच वर्षं आधी लोकसंगीत गोळा करणाऱ्या लोमॅक्स दांपत्याने अमेरिकेतल्या केंटकीत सॅलियर्सव्हिलला बिल स्टेप या फिडल (म्हणजे व्हायोलिन) वाजवणाऱ्याकडून 'बोनापार्ट्स रिट्रीट' ही लोकधून रेकॉर्ड केली. दोन्ही पाठोपाठ ऐका एकदा! बाकीचे फिडलवाले ही धून मार्चसारखी संथ वाजवायचे, स्टेपने ती सुसाट पळवली, आणि कोपलंडने उचललीय ती नेमकी हीच पळणारी, जवळपास जशीच्या तशी.

दादरकर: मग स्टेपने तरी कुठे रचली? जॉर्जियाचा फिडलर ए. ए. ग्रे याची याच धुनेची रेकॉर्ड 1924ची आहे. कोपलंडने ऑर्केस्ट्रात बसवली म्हणून ती जगाने ऐकली, पुढे अमेरिकेत बीफच्या जाहिरातीत घरोघरी वाजली. हे काम स्टेपचं नाही.

सातारची_मीरा: तुम्ही दोघंही रूथ क्रॉफर्ड सीगरला विसरलात, नेहमीसारखं. स्टेपचं वादन कागदावर उतरवलं तिने, ते 1941च्या पुस्तकात छापलं गेलं आणि कोपलंडने घेतलं तिथून. स्वतः मोठी कंपोझर, 1930 मध्ये संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली बाई, आणि तिचं नाव कुणी काढत नाही.

रानपाखरू: कागदावर फिडल उतरतं का हो? स्टेपच्या तारा डी-डी-ए-डी या सुरांत लावलेल्या, सगळा घुमारा त्यात आहे. मी इथे नॉर्थ कॅरोलिनात जॅमला, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीला बसतो, नोटेशन समोर ठेवून वाजवणाऱ्याचा बो (गज) लगेच ओळखू येतो, सूर बरोबर पण चाल मेलेली.

सातारची_मीरा: हा कानाचा माज आता पुरे. माझी मुलगी नोटेशनवरच शिकली. तिला एका जॅममध्ये 'आधी कान तयार कर' म्हणून बाजूला बसवलं, ती रडत घरी आली. शेजारी म्हातारा फिडलर राहत नाही त्यांनी शिकायचंच नाही का?

रानपाखरू: मुलीशी वागले ते वाईटच, पण त्यावरून नोटेशन पुरेसं ठरत नाही. तिला स्टेपची मूळ रेकॉर्ड ऐकवली होती का?

सातारची_मीरा: ऐकवली. पाठ आहे तिला. तुम्ही सीगरबाईंचं काम एकदा उघडून बघितलंय का?

दादरकर: ठीक आहे, कोपलंडने स्टेपचं नाव छापायला हवं होतं, एवढं मानतो. चोरी म्हणणार नाही.

रानपाखरू: मग काय म्हणणार?