दोन ओळींपुरतं नातं टॅगात का लावायचं?

रामबागवाली
गेल्या आठवड्यात रात्रीची आवराआवर झाल्यावर फोन घेऊन बसले. कृष्ण-द्रौपदीच्या मैत्रीवरचं काहीतरी वाचायचं होतं. एओथ्रीवर, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या संकेतस्थळावर, नवीन असलेल्यांसाठी सांगते: तिथे लेखक कथेला टॅग, म्हणजे आत काय आहे ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या, लावतो आणि वाचक त्यावरून शोधतो. नात्याच्या टॅगात दोन नावांमध्ये तिरकी रेघ (/) असली की प्रेमसंबंध किंवा शरीरसंबंध, आणि & असलं की मैत्री, भावंडं, गुरू-शिष्य वगैरे बाकी सगळं. रेघेची पद्धत जुनी आहे. १९७० च्या दशकात 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेचे चाहते तिच्यातल्या दोन नायकांसाठी कर्क/स्पॉक असं लिहायचे, अशा कथांना 'स्लॅश' हे नाव तिथूनच पडलं.

तर मी & लावून शोधलं आणि अठरा प्रकरणांची एक कथा मिळाली. दोन रात्री जागून वाचली. कृष्ण उगवला तेराव्या प्रकरणात, "बरी आहेस ना, सखे?" एवढं विचारून रथात बसला आणि गेला. बाकी सगळी कथा अर्जुन-सुभद्रेची. लिहिली छान होती, पण मी त्यासाठी जागले नव्हते.

माझं म्हणणं सरळ आहे. नात्याचा टॅग म्हणजे लेखकाने वाचकाला दिलेला शब्द. कथा ज्या नात्यावर उभी आहे तेच तिथे लावा. येता-जाता दिसणाऱ्या जोड्यांसाठी खालचे जास्तीचे टॅग आहेत, 'पार्श्वभूमीला अर्जुन-सुभद्रा' असं साध्या शब्दांत लिहिता येतं.

मल्हारगंजकर
ताई, तुम्ही फक्त शोधणाऱ्याच्या बाजूने बघताय. टॅग टाळण्यासाठीही असतो. मला द्रौपदी/कर्ण ही जोडी अजिबात वाचवत नाही. भर सभेत कर्ण तिला काय बोलला ते डोक्यातून जात नाही. म्हणून फिल्टरमध्ये ती जोडी मी कायमची वगळतो. आता एखाद्याने तुमच्या नियमाने चालून 'दोनच ओळी आहेत' म्हणून ती लावलीच नाही, तर त्या दोन ओळी माझ्यासमोर येणारच. तुमच्या दोन रात्री गेल्या हे खरं, पण मला जे वाचायचंच नाही ते समोर येणं त्याहून वाईट. असेल ते सगळं लावावं, दोन ओळी असल्या तरी.

रामबागवाली
दादा, जे खुपेल ते आधी कळलं पाहिजे, हे मला शंभर टक्के मान्य. पण तुम्ही म्हणता तसं सगळं लावलं तर नुकसान लेखकाचंही होतं. फिल्टरला मुख्य आणि किरकोळ यातला फरक कळत नाही, त्याच्या लेखी सगळे टॅग सारखे. दोन ओळींसाठी लावलेल्या द्रौपदी/कर्णमुळे कुंतीवरची एखादी सुंदर कथा तुमच्या यादीतून कायमची गळेल, आणि ती होती हे तुम्हाला कळणारही नाही. जास्तीच्या टॅगात ती जोडी शब्दांत लिहिलेली असली, तर ते वाचून पुढे जायचं की थांबायचं हे तुम्ही ठरवाल. हे ठरवणं फिल्टरवर सोडू नये.

मल्हारगंजकर
गळली तर गळू दे. वाचायला दुसऱ्या आहेत.

शालू_की_चिंधी
मी थोडं वेगळं बोलते. भांडण दोन ओळी की अठरा प्रकरणं यापेक्षा त्या & मध्येच आहे.

आमची आजी लोकमान्य नगरच्या घरात दर भाऊबीजेला तीच गोष्ट सांगायची. कृष्णाचं बोट कापलं, सुभद्रा चिंधी शोधत बसली आणि द्रौपदीने अंगावरचा शालू फाडून बोटाला बांधला. तेव्हापासून पाठची बहीण राहिली बाजूला आणि मानलेली बहीण जवळची झाली. आजीच्या लेखी ते बहीण-भाऊ. महाभारतात मात्र ती त्याची सखी आहे. ही दोन नाती वेगळी आहेत. भावाकडे हक्काने मागता येतं. सख्याशी भांडता येतं, त्याला जाब विचारता येतो, आणि वनपर्वात ती तेच करते, तो भेटायला आला तेव्हा त्याच्यासमोर रडत रडत विचारते की माझी ही गत कशी झाली. एओथ्रीवर दोन्ही कथा कृष्ण & द्रौपदी याच टॅगाखाली येतात. भाऊबीजेची कथा शोधणाऱ्याला वनपर्वातला संताप हाती लागतो.

आपल्याकडे दीर-भावजय आहे, नणंद-भावजय आहे, विहीण आहे, मानलेला भाऊ आहे, गुरुबंधू आहे. प्रत्येकाची रीत वेगळी, बोलण्याचा सूर वेगळा. म्हणून मी & लावते आणि जास्तीच्या टॅगात मराठीत लिहिते: 'मानलेला भाऊ'. दुसरं कोणी तो टॅग वापरत नसलं तरी लिहिते.

पलासिया_पूल
मला हा सगळा वादच वाचनाच्या विरुद्ध वाटतो. कोण कुणावर प्रेम करणार हे पहिल्या ओळीच्या आधीच कळलं तर कथेत राहिलं काय? पुस्तकावर कोणी असं छापत नाही. शिवाय तिथे सक्ती आहे ती शीर्षक, वयोगट, इशारे, फॅन्डम (म्हणजे मूळ कृती, जशी महाभारत) आणि भाषा यांची. इशाऱ्यांतसुद्धा 'इशारे वापरायचे नाहीत' हा पर्याय निवडता येतो. नात्याचा टॅग ऐच्छिक आहे. मी लावत नाही आणि लावणार नाही.

शालू_की_चिंधी
लावू नका, तो तुमचा हक्क आहे. पण पुस्तक दुकानात हातात घेऊन चाळता येतं, मागचा मजकूर वाचता येतो. इथे हजारो कथांच्या यादीत वाचकाच्या हातात टॅगच असतो.

अठरा_प्रकरणं
ती कथा माझी आहे. बराच वेळ नुसतं वाचत होते, आता लिहिते.

कृष्ण & द्रौपदी मी जाणूनबुजून लावला. अर्जुन/सुभद्रा शोधणारे फार थोडे. पहिल्या चार प्रकरणांना एकही प्रतिसाद आला नाही. मग भीष्म, कुंती, कृष्ण, जो कोणी कथेत डोकावला त्याचं नातं लावत गेले. फॅन्डम, नाती, पात्रं आणि बाकीचे मिळून ७५ टॅगांची मर्यादा आहे, मी साठाच्या पुढे गेले होते. नोकरी सांभाळून वर्षभर लिहिलेलं कोणीतरी वाचावं, एवढंच मनात होतं. यात कोणाच्या दोन रात्री जातील हा विचार शिवला नाही. ताई, त्याबद्दल माफ करा.

रामबागवाली
अगं, माफी कसली. मी तुझ्या कथेखाली एक शब्दही न लिहिता निघून गेले, ते माझं चुकलंच. रैवतक पर्वतावरचं प्रकरण मी दोनदा वाचलं. सुभद्रा रथाचे लगाम हातात घेते आणि मागे वळून बघत नाही, तिथे मला रडू आलं. हे तेव्हाच लिहायला हवं होतं, आज लिहिते.

पण तो टॅग काढ. अर्जुन/सुभद्रा एकटाच वर ठेव.

अठरा_प्रकरणं
काढते. कुंती & सुभद्रा मात्र ठेवणार. पानं थोडी आहेत, पण शेवटचं प्रकरण त्या सासू-सुनेवरच उभं आहे.

मल्हारगंजकर
आणि नवव्या प्रकरणात कर्ण द्रौपदीकडे बघत उभा राहतो, तिथे काय लावणार?

अठरा_प्रकरणं
तो नुसता बघतो, दादा. ती त्याच्याकडे बघतही नाही. त्याला रेघ लावायची की &, हे मला खरंच ठरवता आलं नाही, म्हणून काहीच लावलं नाही. तुम्ही सांगा.